वाचकांचे प्रश्न : रोमला जाताय? मग जमिनीखाली उतरा

मागच्या अंकात रोममधल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती जागांवर चार पानं आली आणि तेव्हापासून पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप मेसेज येतच आहेत. वसई-विरार, नगर, नाशिककडचे बरेच आहेत, आणि ज्यांचा चर्चशी काही संबंध नाही पण जुनं काही दिसलं की थांबून बघावंसं वाटतं असेही खूप जण आहेत, ते वाचून फार बरं वाटलं. सगळ्यांनाच उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, आमच्या धर्मग्रामातून चाळीस जणांचा ग्रुप निघतोय, सोबत फादर आहेत. रोमसाठी फक्त दोनच दिवस मिळालेत. टूरवाल्यांनी दिलेल्या लिस्टमध्ये चार मोठी बॅसिलिका, कोलोसियम, ट्रेवी कारंजं, स्पॅनिश पायऱ्या, शॉपिंग आणि कॅटॅकोम्बसाठी पाऊण तास असं सगळं आहे. यातलं काय ठेवावं आणि काय काढावं? (वसई)

उत्तर : ताई, शॉपिंग काढा आणि तो वेळ कॅटॅकोम्बला, म्हणजे जमिनीखालच्या बोगद्यांतल्या जुन्या स्मशानांना द्या, हे मी पहिल्याच वाक्यात सांगते. तीर्थयात्रा म्हणून निघालाय ना, मग ज्या काळासाठी जाताय तो काळ रोममध्ये नेमका कुठं आहे ते आधी लक्षात घ्या. आपण फोटोत बघतो ते व्हॅटिकनचं सेंट पीटर्स चर्च १५०६ ते १६२६ या काळात बांधलेलं आहे. सेंट पॉलचं मोठं चर्च १८२३ च्या आगीत जळालं, आज दिसतं ते बरंचसं त्यानंतरचं. म्हणजे वर जे झगमगतं ते आपल्या वसईच्या किल्ल्याच्या आसपासच्या काळातलं किंवा त्याहूनही अलीकडचं. पहिल्या तीन-चारशे वर्षांतलं जे उरलंय ते बहुतेक खाली आहे, फरशीखाली, रस्त्याखाली, शेताखाली. आणि ते बघायला जिने उतरावे लागतात, त्याला वेळ लागतो.

पहिला दिवस असा ठेवून बघा. सकाळी कोलोसियम बाहेरूनच बघा (आत जायचं तर अर्धा दिवस जातो), तिथून पायी सान क्लेमेंते चर्च, आणि त्याच रस्त्यानं पुढं लॅटरनची बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च. तिन्ही एका ओळीत आहेत, बस लागत नाही. सान क्लेमेंते टूरवाल्यांच्या लिस्टमध्ये सहसा नसतंच, आणि माझ्या मते अख्ख्या रोममध्ये एकच जागा बघायची म्हटलं तर तीच बघावी.

तिथं काय आहे ते जरा सविस्तर सांगते. रस्त्यावरून आत गेलं की बाराव्या शतकातलं चर्च लागतं, वेदीच्या मागं सोनेरी मोझेइकमध्ये (बारक्या रंगीत तुकड्यांच्या जडावकामात) क्रूस आहे, त्या क्रुसावर बारा पांढरी कबुतरं, आणि क्रुसाच्या बुंध्यातून फुटलेल्या वेली सगळ्या घुमटभर पसरल्यात, म्हणजे मरणाचं लाकूड जिवंत झाड झालेलं. हेच बघून लोक परत जातात. पण बाजूला तिकीट काढून जिना उतरलात की खाली अजून एक चर्च आहे, चौथ्या शतकातलं, पूर्णच्या पूर्ण. १०८४ मध्ये नॉर्मन सैन्यानं त्या भागाची नासधूस केली, मग लोकांनी जुनं चर्च मातीनं भरून टाकलं आणि त्याच्या डोक्यावर नवीन बांधलं, आणि खालचं पार विसरलं गेलं. १८५७ मध्ये तिथले आयरिश डॉमिनिकन फादर जोसेफ मुल्लूली यांनी खणायला घेतलं तेव्हा ते सापडलं. आणि अजून एक जिना उतरलात की पहिल्या शतकातल्या रोमन इमारती, विटांच्या भिंती, अरुंद गल्ली, आणि रोमन लोक पुजायचे त्या मिथ्र देवाचं छोटं देऊळ, ज्यात भक्तांना बसायला दोन्ही बाजूंना दगडी बाक आहेत. तिथं उभं राहिलं की भिंतीमागून पाणी वाहिल्याचा आवाज येतो, जमिनीखालचा झरा आहे तो, खोदकाम वाचवायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोगदा काढून ते पाणी वळवलं. एका जागी उभं राहून वर बघितलं तर डोक्यावर दोन चर्च आणि पायाखाली सम्राट नीरोच्या काळातलं शहर. ग्रुपमधल्या वयस्कर लोकांना वरच्या चर्चमध्ये बसवून ठेवता येतं. आणि हो, रोममधली बरीच चर्च दुपारी बंद असतात, त्यामुळं सकाळीच जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर सेंट पीटर्स उरका, सिक्युरिटीची रांग नंतर वाढत जाते. दुपारी आप्पिया या जुन्या रोमन रस्त्यावरचं सान कॅलिस्टो कॅटॅकोम्ब. फादर सोबत आहेत तर एक गोष्ट नक्की करा, धर्मगुरू असलेल्या ग्रुपला आधी कळवून कॅटॅकोम्बच्या आत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करता येतो. तिसऱ्या शतकातल्या पोप लोकांच्या आणि साध्या रोमकरांच्या कबरींमध्ये आपला मिस्सा होणं यापुढं ट्रेवी कारंजं काहीच नाही. मात्र बुधवारी सान कॅलिस्टो बंद असतं, प्रत्येक कॅटॅकोम्बची साप्ताहिक सुट्टी वेगळी असते आणि थंडीत काही आठवडे बंदही ठेवतात, त्यामुळं तारखा टूरवाल्यांवर न सोडता त्यांच्या वेबसाईटवर स्वतः बघा.

प्रश्न : मी ख्रिश्चन नाही, इतिहास म्हणून आवड आहे. कॅटॅकोम्ब म्हणजे ख्रिश्चन लोक रोमन सैनिकांपासून लपायचे ती भुयारं ना? मग इतके हजारो लोक तिथं राहायचे कसे, खायचे काय? (पुणे)

उत्तर : राहायचेच नाहीत. हा समज सिनेमांनी आणि जुन्या कादंबऱ्यांनी पसरवला आणि अजूनही काही गाईड तेच सांगतात, पण आत गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कळतं की इथं राहणं शक्यच नाही. ही स्मशानं आहेत. आणि लपवलेली पण नव्हती, त्यांचे दरवाजे रोजच्या रहदारीच्या रस्त्यांवर होते, सरकारला पक्कं माहीत होतं.

झालं असं की रोमन कायद्यात शहराच्या हद्दीत मृतांना पुरायला किंवा जाळायला बंदी होती, म्हणून सगळ्यांच्याच कबरी शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला. पहिल्या काळात रोमन लोक मुख्यतः दहन करायचे, अस्थिकलशाला जागा लागते ती किती. ख्रिस्ती लोकांनी मात्र दफनच धरून ठेवलं, पुन्हा उठणार या विश्वासापायी. आणि ही मंडळी बहुतेक गरीब, गुलाम, मोकळे केलेले गुलाम, छोटे कारागीर, रोमभोवतीची जमीन महाग. मग एखाद्या पैसेवाल्या ख्रिस्ती कुटुंबानं आपला तुकडा द्यायचा आणि आडवी जागा नाही म्हणून खाली खणत जायचं. ज्यू लोकांचीही अशीच कॅटॅकोम्ब आहेत रोममध्ये.

खणता आलं कारण तिथला दगड. ज्वालामुखीच्या राखेचा मऊ खडक, तूफा म्हणतात, कुदळीनं सहज कापला जातो आणि हवा लागली की टणक होत जातो, अगदी आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखा. खणणारे खास लोक होते, त्यांना मंडळीत मान होता, काहींची चित्रं पण भिंतीवर आहेत हातात कुदळ आणि दिवा घेतलेली. सान कॅलिस्टोमध्येच असे बोगदे जवळजवळ २० किलोमीटर आहेत, चार मजले, आणि तिथं अंदाजे पाच लाख दफनं झाली असं सांगतात. दोन्ही बाजूंच्या भिंतींत एकावर एक आडवे कप्पे, एका कप्प्यात कापडात गुंडाळलेला एक देह, पुढून संगमरवराची फरशी किंवा साध्या कौलांनी बंद, वर चुन्यात बोटानं किंवा खिळ्यानं नाव. कितीतरी कप्पे इतके छोटे आहेत की ते बाळांचे आहेत हे सांगावं लागत नाही. मला विचाराल तर कॅटॅकोम्बमध्ये चित्रांपेक्षा या कप्प्यांकडं जास्त बघावं. साम्राज्याच्या इतिहासात ज्यांचं नाव कुणी लिहिलं नसतं अशा माणसांची नावं, वय किती वर्षं किती महिने किती दिवस, आणि शेवटी 'शांतीत' एवढंच.

छळाचा आणि या जागेचा संबंध अजिबात नाही असंही नाही हं. २५७ मध्ये सम्राट व्हॅलेरियननं ख्रिस्ती लोकांना स्मशानात जमायलाच बंदी केली, आणि २५८ च्या ऑगस्टमध्ये पोप दुसरे सिक्स्टस तिथं लोकांसोबत असतानाच पकडले गेले, त्यांना आणि त्यांच्या डीकनना, म्हणजे साहाय्यक धर्मसेवकांना मारलं. सिक्स्टस यांना सान कॅलिस्टोतच पुरलं. पुढं पोप दमासुस यांनी चौथ्या शतकात या कबरी शोधून, दुरुस्त करून त्यांच्यावर कविता कोरून घेतल्या, सुंदर अक्षरात. पोप लोकांची ती खोली मध्यंतरी हजारेक वर्षं हरवली होती, १८५४ मध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी या संशोधकाला सापडली, द्राक्षाच्या मळ्यात मिळालेल्या फुटक्या फरशीच्या एका तुकड्यावरून माग काढत काढत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. व्हॅटिकनमध्ये सेंट पीटर्सच्या खाली खरोखर प्रेषित पेत्राची कबर आहे का? भक्तिभावानं नको, पुराव्यानं सांगा. आणि ती बघायला मिळते का? (अहिल्यानगर)

उत्तर : सर, आधी दुसऱ्याचं उत्तर देते म्हणजे उशीर होणार नाही. हो, बघायला मिळते, पण नेहमीच्या तिकिटावर नाही. व्हॅटिकनच्या उत्खनन विभागाकडं म्हणजे 'उफिचो स्कावी'कडं मेल करून आधी परवानगी घ्यावी लागते, नावं, तारखा, भाषा सगळं लिहून. दिवसाला ठरावीकच लोक सोडतात, बारा-एक जणांचा गट, सोबत त्यांचा गाईड, साधारण दीड तास. कित्येक महिने आधी मेल करा, विमानाचं तिकीट काढायच्या आधी केलात तरी चालेल. लहान मुलांना सोडत नाहीत आणि आत हवा दमट, वाटा अरुंद.

आता पुरावा. येशूचा शिष्य पेत्र, म्हणजेच सेंट पीटर, रोममध्ये मारला गेला असं बायबलमध्ये कुठंही सरळ लिहिलेलं नाही. पण साधारण ९६ च्या सुमाराला रोमच्या ख्रिस्ती मंडळीनं ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे, क्लेमेंतचं म्हणतात ते, त्यात पेत्र आणि पौल (सेंट पॉल) यांच्या हालांचा उल्लेख आहे. ६४ साली रोम जळालं आणि नीरोनं आळ ख्रिस्ती लोकांवर घालून त्यांना व्हॅटिकनकडच्या आपल्या बागेत मारलं, हे टॅसिटस या रोमन इतिहासकारानं लिहून ठेवलंय आणि तो काही ख्रिस्ती लोकांचा मित्र नव्हता. मग साधारण २०० साली गायुस नावाचा रोममधला माणूस एका वादात म्हणतो की चल माझ्याबरोबर, व्हॅटिकनला आणि ओस्तियाच्या रस्त्यावर प्रेषितांची स्मारकं दाखवतो. म्हणजे तोवर दाखवण्यासारखं काहीतरी तिथं उभं होतं.

१९४० ते १९४९ मध्ये, म्हणजे वर दुसरं महायुद्ध चालू असताना सुरू होऊन त्यानंतरही काही वर्षं, पोप बारावे पायस यांच्या परवानगीनं चर्चखाली खोदकाम झालं. खाली सापडली कबरींची एक अख्खी गल्ली, छोट्या छोट्या घरांसारख्या, रंगवलेल्या, बहुतेक ख्रिस्ती नसलेल्या श्रीमंत कुटुंबांच्या. आणि मुख्य वेदीच्या बरोबर खाली, लाल गिलाव्याच्या भिंतीला टेकून, एक साधासा कोनाडा, दोन छोटे खांब, साधारण १६० सालचा. गायुस म्हणत होता ते हेच असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पण सर, मला स्वतःला सगळ्यात पटणारा पुरावा कोनाडा नाही, तर टेकडी आहे. सम्राट कॉन्स्टंटाईननं ३२० च्या दशकात इथं पहिलं मोठं चर्च बांधायला घेतलं तेव्हा शेजारीच सपाट जमीन होती. तरी त्यानं काय केलं, तर उतारावरची टेकडी एका बाजूनं कापली, दुसरीकडं प्रचंड भराव घातला, आणि ज्या स्मशानात लोक अजून आपल्या माणसांना पुरत होते ते स्मशान, रोमन कायद्यानं कबरीला हात लावणं गुन्हा असताना, छपरं फोडून मातीनं भरून टाकलं. इतका खर्च, इतका रोष, फक्त वेदी त्या एका ठिकाणावर यावी म्हणून. म्हणजे त्यांना जागेबद्दल शंका नव्हती.

हाडांचं मात्र वेगळं. १९५० मध्ये पोप पायस म्हणाले की कबर सापडली, हाडं त्यांचीच असं खात्रीनं सांगता येत नाही. पुढं मार्गेरिता ग्वार्दुची या शिलालेखतज्ज्ञ बाईंनी शेजारच्या भिंतीतून काढून ठेवलेली हाडं पेत्राचीच असं मांडलं, १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी ती ओळख पटल्याचं जाहीर केलं, २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती लोकांसमोर ठेवली. अभ्यासकांमध्ये मात्र यावर अजून एकमत नाही. तुम्ही पुराव्यानं सांगा म्हणालात म्हणून माझं मत सांगते, मृत्यूनंतर शंभरेक वर्षांत, म्हणजे ज्यांच्या आजी-आजोबांनी पेत्राला पाहिलं असेल अशा पिढीत, त्या जागेवर स्मारक होतं, एवढं भक्कम आहे. हाडं कुणाची हा प्रश्न ज्यानं त्यानं आपल्या श्रद्धेनं सोडवावा.

त्याच गल्लीत एका बारक्या कबरीच्या छताकडं बघायला विसरू नका. पिवळ्या मोझेइकवर द्राक्षाच्या वेली आणि मधे रथावर उभा, डोक्यामागं किरणं असलेला तरुण, अगदी रोमन सूर्यदेव. तो ख्रिस्त आहे असं मानतात, कारण त्याच खोलीत बायबलमधला योना आणि मासे धरणारा कोळी पण काढलाय. ख्रिस्ताचा चेहरा कसा काढायचा हे अजून ठरायचं होतं त्या दिवसांतलं हे चित्र आहे.

प्रश्न : आईला घेऊन जायचंय, वय ७१, गुडघे दुखतात आणि लिफ्टमध्येसुद्धा तिला घाबरल्यासारखं होतं. कॅटॅकोम्ब झेपेल का? (नाशिक)

उत्तर : खरं सांगायचं तर बंद जागेची भीती असेल तर नको. एकदा गटाबरोबर आत गेलं की मधेच परत फिरणं अवघड असतं, वाट चुकू नये म्हणून गाईडला सोडून कुणालाच फिरू देत नाहीत. फक्त गुडघ्यांचा प्रश्न असता तर जिने हळूहळू उतरून निभलं असतं.

पण आईंना उतरायला न लागता तोच काळ दाखवता येतो. आव्हेंटिन टेकडीवरचं सांता साबिना चर्च, ४२२ ते ४३२ मधलं, सपाट, उजेडाचं, बसायला भरपूर जागा, आणि त्याचा लाकडी दरवाजा १६०० वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या एका चौकटीत दोन चोरांच्या मधे हात पसरून उभा ख्रिस्त कोरलाय, क्रुसावरच्या ख्रिस्ताची जगातली ही अगदी सुरुवातीची प्रतिमा. टेकडीवर टॅक्सी वरपर्यंत जाते. दुसरं सांता कोस्तांझा, चौथ्या शतकातली गोल इमारत, छतावर द्राक्षतोडणीची मोझेइक, बैलगाड्या, द्राक्षं तुडवणारी पोरं, तुम्ही नाशिकच्या म्हणजे आईंना ते बघून नक्की आवडेल. आणि सेंट पॉलच्या चर्चमध्ये वेदीखाली जाळीतून पौलाच्या शवपेटीची बाजू दिसते, ती पण जिने-बोगदे न करता.

घरी बसून कॅटॅकोम्ब दाखवायचं असेल तर प्रिस्किल्लाच्या कॅटॅकोम्बची गूगल मॅप्सवर आतून फिरता येईल अशी सोय २०१३ मध्ये झालीय. मोठ्या टीव्हीवर लावून द्या.

प्रश्न : मी कलेचा विद्यार्थी आहे. तुमच्या लेखातल्या एकाही फोटोत क्रूस नव्हता. ख्रिस्ती कबरी आणि क्रूस नाही असं कसं? (मिरज)

उत्तर : फार चांगलं निरीक्षण. पहिल्या तीन शतकांत क्रूस म्हणजे चालू असलेली शिक्षा होती. रस्त्याच्या कडेला गुलामांना, बंडखोरांना त्यावर टांगलेलं लोकांनी स्वतः पाहिलेलं असायचं. आपल्या पोराच्या कबरीवर ते कोण काढेल? रोममध्येच पॅलाटिन टेकडीवर भिंतीवर ओरखडलेलं एक जुनं चित्र सापडलंय, गाढवाचं डोकं असलेला माणूस क्रुसावर आणि खाली नमस्कार करणारा एकजण, शेजारी ग्रीकमध्ये लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. चिडवण्यासाठी काढलेलं. क्रुसावरच्या ख्रिस्ताचं सगळ्यात जुन्या चित्रांपैकी एक, आणि ते ख्रिस्ती माणसानं काढलेलंच नाही.

मग कबरीवर काय काढायचे, तर सुटकेच्या गोष्टी. माशाच्या पोटातून बाहेर आलेला योना, सिंहांच्या गुहेत उभा दानिएल, भट्टीतले तीन तरुण, उठवलेला लाजर, पेटीत उभा राहून कबुतराची वाट बघणारा नोहा. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे मेलाच म्हणून सोडून दिलेला माणूस वाचतो अशी आहे. खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ तर जागोजागी. नांगर म्हणजे जहाजाचा नांगर, मासा, मोर, हात वर करून प्रार्थना करणारी बाई. मेंढपाळाचं चित्र रोमन लोक आधीपासूनच काढायचे, तेच चित्रकार, तेच रंग, त्यामुळं त्यात नवीन काही दिसायचं नाही आणि ज्याला कळायचं त्याला कळायचं.

प्रिस्किल्लाला गेलास तर छताच्या कोपऱ्यातली एक छोटीशी बाई शोध, मांडीवर बाळ, बाळ मान वळवून बघतंय, शेजारी एक माणूस ताऱ्याकडं बोट दाखवतोय. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचं, मरियेचं सगळ्यात जुनं मानलं जाणारं चित्र. बरंचसं पुसलंय, पण बाळाची ती मान ज्यानं काढली त्यानं घरात बाळ पाहिलेलं होतं. स्केचबुक ने, कारण आत फोटो काढायला कुठल्याच कॅटॅकोम्बमध्ये परवानगी नाही, आणि गाईड थांबतात तेवढ्याच वेळात रेघा माराव्या लागतील. स्केचिंगबद्दल आत शिरायच्या आधी विचारून घे.

प्रश्न : रोम वगैरे ठीक, पण आपल्याकडं इतकं जुनं काही नाही का? (कल्याण)

उत्तर : तुम्ही कल्याणहून विचारलंत म्हणून उत्तर द्यायला जास्तच मजा येतेय. सहाव्या शतकाच्या मध्यात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की भारताच्या किनाऱ्यावर 'कल्लियाना' इथं ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियातून नेमून येतो. बहुतेक अभ्यासक कल्लियाना म्हणजे तुमचं कल्याणच असं मानतात. रोमशी कल्याण, सोपारा, चौल यांचा व्यापार त्याच्याही आधीपासून होता, त्यामुळं माणसं आणि धर्म दोन्ही येणारच. पण त्या मंडळीचं चर्च, कबर, दगड, जमिनीवर दाखवता येईल असं काही उरलेलं नाही.

१३२१ मध्ये ठाण्याला चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा ते ज्यांच्या घरी उतरले होते ते पूर्वेकडच्या नेस्तोरियन पंथाचे ख्रिस्ती कुटुंब होतं, अशी पंधराएक घरं ठाण्यात होती असं ओदोरिक या प्रवाशानं लिहिलंय. त्या साधूंना सोपाऱ्यात पुरलं. हे सगळं पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधीचं, तेव्हा इथला ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांबरोबरच आला असं कुणी म्हटलं तर त्यांना हे सांगा. वसईच्या किल्ल्यातली चर्च सुंदर आहेत आणि बघाच, पण ती सोळाव्या शतकापासूनची, सुरुवातीच्या काळात धरता येत नाहीत. दगडात बघायचं असेल तर गोव्याला आगशीजवळ २००१ मध्ये पहलवी या जुन्या पर्शियन लिपीतला लेख असलेला क्रूस सापडलाय, आणि तसाच चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर आहे, तो १५४७ मध्ये मिळाला होता.

प्रश्न : कोलोसियममध्ये ख्रिस्ती लोकांना सिंहांपुढं टाकायचे ती जागा दाखवतात का? आणि आम्ही हिंदू आहोत, कॅटॅकोम्बमध्ये किंवा चर्चमध्ये जाऊ देतात ना? (सोलापूर)

उत्तर : दुसऱ्याचं उत्तर, हो, बिनधास्त जा, कुणी काही विचारत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मोठ्या आवाजात बोलायचं नाही, मिस्सा चालू असेल तर मधल्या वाटेनं फिरायचं नाही. कॅटॅकोम्बमध्ये बाराही महिने १६ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळं जुलैच्या उन्हातसुद्धा शाल किंवा जॅकेट जवळ ठेवा आणि तळ घट्ट पकडणारे बूट घाला, खालची जमीन ओलसर असते.

कोलोसियमबद्दल, ते उघडलं ८० साली आणि नीरो मेला ६८ ला, म्हणजे पेत्र-पौलाच्या वेळी ते नव्हतंच. नंतरच्या काळात रोममध्ये ख्रिस्ती लोकांना जनावरांपुढं टाकलं हे खरं आहे, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस यांना त्यासाठीच रोमला आणलं होतं आणि वाटेत त्यांनी लिहिलेली पत्रं आजही वाचायला मिळतात. पण ते नेमकं कोलोसियममध्येच झालं याचा त्या काळातला लेखी पुरावा नाही, परंपरा आहे. १७४९ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी कोलोसियम हुतात्म्यांची पवित्र जागा म्हणून जाहीर केलं, त्यामुळं तिथले दगड काढून नेणं थांबलं आणि ती इमारत आज उभी आहे, हे मात्र नक्की. गुड फ्रायडेच्या रात्री तिथं क्रुसाच्या वाटेची भक्ती होते, गर्दी खूप असते, जायचं असेल तर संध्याकाळपासूनच जागा धरावी लागते.

आप्पिया रस्त्याला शहरातून ११८ नंबरची बस जाते, आणि रविवारी तो रस्ता गाड्यांना बंद असतो तेव्हा चालायला फार छान वाटतं. त्या दिवशी कुठलं कॅटॅकोम्ब उघडं आहे ते आदल्या रात्री बघून ठेवा.